‘तेव्हाच्या मालिका भारी होत्या’, पण कुणाच्या घरात?

‘तेव्हाच्या मालिका भारी होत्या, आता काय दाखवतात?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते मत वाटत नाही, निष्कर्ष वाटतो. लग्नाच्या पंगतीत ऐकते, हॉस्टेलच्या मेसमध्ये ऐकते, बिलोलीच्या बस स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत उभं राहिलं तरी ऐकू येतं. आणि निष्कर्ष म्हटला की आपण पुढचे प्रश्न विचारायचे असतात. डेटा कुठला? कुणाकडून घेतला? कधी घेतला?

पेटची किंवा सेटची तयारी करणाऱ्यांना सॅम्पलिंग, बायस, व्हॅलिडिटी हे शब्द पाठ असतात. व्याख्या विचारली तर धडाधड सांगतात. पण इंटरव्ह्यूला पॅनेलनं ‘तुमच्याच विषयातलं उदाहरण द्या’ म्हटलं की गाडी अडते. म्हणून आज हे शब्द सगळ्यांच्या ओळखीच्या गोष्टीवर चालवून बघू. माझा विषय रसायनशास्त्र आहे, टीव्ही नाही. पण ज्या वाक्यावर सगळ्यांचं एकमत आहे ते तपासायला विषयाची अट नसते.

आधी शब्दाकडं बघू. इंग्रजीतल्या नॉस्टॅल्जियाला मराठीत दोन शब्द चालतात, स्मरणरंजन आणि गतकातरता. आपण ते एकाच अर्थानं वापरतो, पण नीट बघा. एकात रंजन आहे, म्हणजे मौज. आणि ‘रञ्ज्’ या धातूचा मूळ अर्थ रंगवणं. दुसऱ्यात कातरता आहे, म्हणजे जीव वर-खाली होणं. तुमच्या प्रश्नावलीत ‘जुन्या मालिका आठवल्या की तुम्हाला कसं वाटतं?’ असा प्रश्न असेल, तर तुम्ही यातलं नेमकं काय मोजताय? संकल्पना मोजता येईल अशी बांधून घेणं, म्हणजे ऑपरेशनल डेफिनिशन, ते हेच. मराठीनं दोन शब्द देऊन निम्मं काम करून ठेवलंय, आपण ते वाया घालवतो.

खुद्द नॉस्टॅल्जिया हा शब्द एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून आलाय, हे मला फार आवडतं. 1688 साली बाझल इथं योहानेस होफर नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलानं वैद्यकशास्त्राचा प्रबंध लिहिला. ग्रीक भाषेतले ‘परतणं’ आणि ‘वेदना’ हे दोन शब्द जोडून त्यानं रोगाचं नाव तयार केलं. त्यातला एक रुग्ण बर्नहून बाझलला शिकायला आलेला विद्यार्थी होता. मरायला टेकलेला हा मुलगा घराकडं न्यायला निघाल्यावर वाटेतच सुधारायला लागला. गाव सोडून विद्यापीठात आलेल्यांना हे समजावून सांगायला नको. म्हणजे मुळात तो ठिकाणाचा आजार होता, काळाचा नव्हता. घरी गेलं की बरं वाटायचं. आपण ज्याला आज स्मरणरंजन म्हणतो त्यात परत जायला गाडीच नाही. 2001 साली कोण कसं जाणार?

ब्लँक न लावता घेतलेलं रीडिंग

आमच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काम करताना पहिल्यांदा ब्लँक लावतात. क्युव्हेटमध्ये नुसतं सॉल्व्हंट भरायचं, मशीन शून्यावर आणायचं, मग नमुना ठेवायचा. ब्लँक न लावता रीडिंग घेतलं, तर सॉल्व्हंटनं शोषलेला प्रकाशही नमुन्याच्या नावावर जमा होतो. आकडा येतो, मस्त दिसतो, पण तो कशाचा आहे ते सांगता येत नाही.

मालिकेच्या आठवणीत सॉल्व्हंट म्हणजे आपलं लहानपण. आपण नऊ वर्षांचे होतो, परीक्षा लांब होती, आजी जिवंत होती. हे सगळं मालिकेच्या रीडिंगमध्ये मिसळलेलं असतं. मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय. वाइल्डशुट, सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली लोकांनी लिहिलेल्या अशा आठवणी तपासल्या, तेव्हा त्यात वस्तूंपेक्षा स्वतः लिहिणारा आणि त्याची जवळची माणसं जास्त पुढं होती. आणि अशी आठवण जागी होण्याचं एक मोठं कारण म्हणजे मन खट्टू असणं, एकटेपणा असणं. मालिका भारी होती म्हणून ती आठवते, एवढाच सरळ हिशोब नाही.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगते. आवडत्या जुन्या मालिकेवर दहा मिनिटं थांबता लिहा, गूगल न करता. मग प्रत्येक वाक्यासमोर खूण करा, हे वाक्य मालिकेबद्दल आहे की मालिका बघतानाच्या घराबद्दल. मी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’वर लिहिलं. निम्म्याहून जास्त वाक्यं आमच्या घराबद्दल निघाली. गुणात्मक संशोधनात याला कोडिंग म्हणतात. अवघड नाही, फक्त प्रामाणिकपणे खुणा कराव्या लागतात.

2020 चं ‘रामायण’

आता मोठं उदाहरण. रामानंद सागर यांचं ‘रामायण’ 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं आणि जुलै 1988 पर्यंत दर रविवारी सकाळी लागत होतं. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांनी, लॉकडाऊनमध्ये, 28 मार्च 2020 पासून दूरदर्शननं ते पुन्हा दाखवलं. 16 एप्रिलला एका दिवसात 7.7 कोटी लोकांनी ते बघितलं आणि हा जागतिक विक्रम आहे, असं दूरदर्शननं जाहीर केलं. सगळीकडं बातम्या आल्या, की बघा, जुनं ते सोनं.

हा दावा थोडा उलगडू. पहिली गोष्ट, विक्रमाची. अमेरिकेत ‘मॅश’ या मालिकेचा शेवटचा भाग 28 फेब्रुवारी 1983 ला दहा कोटींहून जास्त लोकांनी बघितल्याची नोंद आहे, म्हणजे विक्रम तिथंच अडखळतो. पण माझ्या दृष्टीनं तो किरकोळ मुद्दा. खरी गोम दुसरीकडं आहे. 25 मार्चपासून सगळा देश घरात होता. मालिकांची शूटिंग 19 मार्चपासूनच बंद होती, त्यामुळं जवळजवळ सगळ्या चॅनेलवर जुनेच भाग फिरत होते. ज्या दिवसांत नवीन काहीच नाही आणि बाहेर जायची सोय नाही, त्या दिवसांत जुनी मालिका जास्त बघितली गेली, तर हे प्रेम समजायचं की कोंडी? याला कन्फाउंडिंग म्हणतात. दोन कारणं एकाच वेळी आली, आणि आपण आवडत्या कारणाला श्रेय दिलं.

शिवाय 1987 ला ते आठवड्यातून एकदा यायचं, 2020 ला रोज सकाळी नऊला आणि रात्री नऊला. म्हणजे मालिका तीच, पण बघण्याची रीत वेगळी. आणि त्या 7.7 कोटींत जी लहान पोरं पहिल्यांदाच रामायण बघत होती, ती कशाची आठवण काढत होती?

माझ्या वयाच्यांचं आणखी मजेदार आहे. आमचा जन्म ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ दोन्ही संपल्यानंतरचा. ‘चिमणराव’ तर आमच्या वडिलांच्या लहानपणीचं. तरी आम्ही दूरदर्शनच्या त्या फिरत्या चिन्हाचा व्हिडिओ बघून हळवे होतो. बार्बरा स्टर्न यांनी 1992 साली जाहिरातींचा अभ्यास करताना यात फरक केला होता. एक स्वतःच्या आयुष्यातली आठवण, दुसरी जन्माआधीच्या काळाची ओढ. दुसरी उसनी असते. उसनी म्हणून खोटी नसते, पण ती पुरावा म्हणून चालत नाही. ‘तेव्हा सगळं गाव एकत्र टीव्ही बघायचं’ असं पंचवीस वर्षांचा मुलगा सिनॉप्सिसमध्ये लिहितो तेव्हा गाइडनं विचारायला पाहिजे, तू होतास का तिथं?

टिपरे आणि सासू, दोघंही 2001 चे

आता माझ्या स्वतःच्या काळावर येते. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ 2001 साली अल्फा मराठीवर सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेली, केदार शिंदे यांचं दिग्दर्शन, आबांच्या भूमिकेत स्वतः प्रभावळकर. (मराठीत ब्लॉगला अनुदिनी म्हणतात, म्हणजे हे जे तुम्ही वाचताय तेही त्याच नावाचं.) मालिका आता मोबाइलवर सापडते. मागच्या उन्हाळ्यात मी ती पुन्हा बघायला घेतली, वही घेऊन.

ती चांगली आहे. सॉल्व्हंट वजा केलं तरी रीडिंग येतं. तिची ताकद कशात आहे तेही दिसतं. आठवड्यातून एक भाग, त्यात एक छोटी घटना, आणि ती त्याच भागात मिटते. खलनायक नाही. संकट बाहेरून कोसळत नाही, घरातल्या माणसांच्या स्वभावातूनच येतं, कुणाचा आळस, कुणाचा हट्ट, कुणाची फुशारकी. आबा आजोबा आहेत, पण हुकूम सोडत नाहीत. ते बघतात आणि रात्री वहीत लिहितात. प्रभावळकर गप्प बसून ऐकतात तेव्हा जे होतं ते आजच्या मालिकेत तीनदा कॅमेरा फिरवूनही होत नाही. शुभांगी गोखलेंची श्यामल आणि राजन भिसेंचा शेखर यांची भांडणं बघताना कुठंही वाटत नाही की कुणी वाक्य ‘टाकतंय’.

पण त्याच वर्षी, 2001 लाच, ई-टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली. रोहिणी हट्टंगडी, कविता लाड. 2013 च्या सुरुवातीपर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. आमच्या गल्लीत दोन्ही मालिका लागायच्या, आणि खरं सांगायचं तर दुसरी जास्त घरांत लागायची. मग ‘तेव्हाच्या मालिका’ म्हटलं की टिपरे का आठवते आणि सासू का नाही? ‘आताच्या मालिकांमध्ये नुसती कटकारस्थानं’ म्हणणारी माणसं तेव्हा रोज रात्री काय बघत होती?

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची गोष्ट तुम्ही वाचली असेल. लढून परत आलेल्या विमानांना जिथं गोळ्या लागल्यात तिथं पत्रा जाड करावा, असा विचार चालला होता. आब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञानं दाखवलं, की जी परत आली नाहीत त्यांचा हिशोब धरल्याशिवाय असं ठरवता येत नाही. हाच सर्व्हायव्हरशिप बायस. जुन्या काळातून आपल्यापर्यंत टिपरे परत आली. त्या काळातल्या किती तरी रटाळ मालिका आल्याच नाहीत. आपण आठवणीतल्या सर्वोत्तम मालिकेची तुलना आज रात्री आठ वाजता समोर दिसेल त्या मालिकेशी करतो. हा सामना सुरू होण्याआधीच लागलेला असतो.

काही गोष्टी तर शब्दशः परत येत नाहीत. पूर्वी व्हिडिओ टेप महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरत. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या गाजलेल्या मालिकेचे 1960 च्या दशकातले नव्वदहून जास्त भाग अशानंच गेले. दूरदर्शनमध्ये काम केलेल्यांनीही अशा पुसलेल्या टेपांबद्दल वेळोवेळी सांगितलंय. म्हणजे जे तपासायला उरलंय तेसुद्धा कुणीतरी, कधीतरी, पैशाच्या हिशोबानं निवडलेलं आहे.

मग फरक काहीच नाही का? आहे. पण तो ‘तेव्हा’ आणि ‘आता’ असा नाही. आठवड्याला एक भाग लिहिणारा लेखक आणि आठवड्याला सहा भाग पुरवणारा लेखक, असा आहे. रोजच्या मालिकेत घटना संपवता येत नाही, कारण संपली तर उद्या काय दाखवणार? म्हणून दार उघडायला तीन मिनिटं लागतात. आणि रोजची मालिकाही काही आजची नाही. सह्याद्रीवर ‘दामिनी’ 1990 च्या दशकातच रोज लागायला लागली होती. आजच्या मालिकांवर टीका करायची तर खुशाल करा, पण रचनेवर करा. ‘संस्कार राहिले नाहीत’ हे व्हेरिएबल मोजता येत नाही.

बिलोलीतून दिसणारा टीव्ही

हे सगळं वजा करूनही माझ्या वहीत एक गोष्ट उरली, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. टिपरे बघताना हे ‘आपलं’ घर आहे असं मला लहानपणी वाटायचं. आता बघितलं तर त्या घरात आमच्या घरासारखं काहीही नाही. मुंबईतला फ्लॅट, शिकलेलं, पगारदार कुटुंब, प्रमाण मराठी. पैशाची चणचण येते, पण पाऊस न पडल्यामुळं येत नाही. आमच्याकडं जून कोरडा गेला की घरातला आवाज बदलतो. तो आवाज त्या काळातल्या एकाही मालिकेत मी ऐकलेला नाही. मराठवाड्याची बोली यायची, नाही असं नाही. पण ती बोलणारा माणूस हसवायला यायचा आणि चहा ठेवून जायचा. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम होता. त्याचं नाव तर शहरातल्या लोकांनी चेष्टेसाठीच ठेवलं. जुन्या दूरदर्शनवर हळवं होऊन लिहिणाऱ्यांच्या यादीत ‘गजरा’ असतो, ‘चिमणराव’ असतो, हा कार्यक्रम असला तर विनोद म्हणून. माझ्या चुलत्यांना विचारलं तर ते आधी त्याचंच नाव घेतात.

जनगणनेत टीव्हीची नोंद होते. 2001 साली देशातल्या 31.6 टक्के घरांत टीव्ही होता. ग्रामीण भागात 18.9 टक्के, म्हणजे पाच घरांत एकसुद्धा नाही. 2011 ला ग्रामीण आकडा 33.4 टक्के झाला. टिपरे सुरू झाली ते वर्ष 2001. ‘तेव्हा सगळेच बघायचे’ या वाक्यातले सगळे म्हणजे कोण, ते या आकड्यांवर ठेवून बघा. त्यात पुन्हा लोडशेडिंग. 2005 नंतरची काही वर्षं आठवा. आमच्याकडं मालिकेचा भाग पूर्ण बघायला मिळणं हा योग असायचा. सुरुवात बघायची, लाइट जायची, शेवट दुसऱ्या दिवशी शाळेत ज्याच्या घरी इन्व्हर्टर होतं त्याच्याकडून ऐकायचा. तो पोरगा शेवट बदलून सांगायचा असा माझा दाट संशय आहे.

आणि भाषा. बिलोली तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून आहे, मांजरा ओलांडली की पलीकडं तेलुगू. अलीकडंही अनेक घरांत तेलुगूच बोलतात. शेजारच्या अक्कांच्या घरी दुपारी तेलुगू मालिका लागायची, संध्याकाळी मराठी. गंमत म्हणजे ई-टीव्ही मराठी हे चॅनेलसुद्धा हैदराबादच्या रामोजी राव यांच्या समूहाचंच, त्याच्या मराठी बातम्या रामोजी फिल्म सिटीतून वाचल्या जायच्या. बिलोलीहून हैदराबाद सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई सहाशेच्या वर. म्हणजे आमची मराठीसुद्धा हैदराबादहून येत होती. ‘मराठी माणसाच्या टीव्हीच्या आठवणी’ असा लेख कुणी लिहिला तर त्यात अक्कांची दुपार बसते का? साधारणपणे नाही. ज्यांनी आठवणी लिहिल्या ते पुण्या-मुंबईचे, ज्यांच्या आठवणी लिहिल्या गेल्या नाहीत ते बाकीचे. सॅम्पलिंग फ्रेमच चुकीची असेल तर नमुना कितीही मोठा घेतला तरी उपयोग नाही, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य मला गल्लीत समजलं.

तुमच्यापैकी कुणी समाजशास्त्र, जनसंवाद किंवा मराठीत प्रस्ताव लिहिणार असेल, तर हा विषय अजून भरपूर शिल्लक आहे. पूर्णिमा मनकेकर यांचं ‘स्क्रीनिंग कल्चर, व्ह्यूइंग पॉलिटिक्स’ हे 1999 चं पुस्तक मिळवून वाचा. त्या दिल्लीतल्या घरांमध्ये बायकांसोबत बसून दूरदर्शन बघत होत्या, बोलत होत्या. मालिका चालू असतानाच्या काळात घेतलेला डेटा आणि वीस वर्षांनी आठवून सांगितलेला डेटा यातला फरक त्यातून कळतो. आपल्याला तो काळ परत मिळणार नाही. आपल्याकडं आठवणच आहे. मग निदान ती आठवण आहे हे लक्षात ठेवून प्रश्न काढायचे. ‘तुमची आवडती जुनी मालिका कोणती?’ हा प्रश्न पहिला ठेवू नका, उत्तर फॉरवर्डमधलं येईल. त्याऐवजी विचारा, टीव्ही कुणाच्या घरात होता, तुम्ही कुठं बसायचात, खाली की पलंगावर, लाइट किती वाजता जायची, रिमोट कुणाच्या हातात असायचा. मालिकेचं नाव आपोआप येतं, आणि येताना कोणती तरी खरी गोष्ट सोबत घेऊन येतं.

आणि प्रश्नावली एकदा घरातल्या बाईला दाखवून घ्या. मी आईला विचारलं, ‘चार दिवस सासूचे’ बघायचीस का? ती नाही म्हणाली. मग सासूबाईंचे संवाद तिनं त्या चालीत म्हणून दाखवले, बरेच. त्या वेळी ती रोज भाकरी करत असायची, टीव्ही बाहेरच्या खोलीत, मधे भिंत. चेहरे तिला नीट आठवत नाहीत, आवाज सगळे ओळखता येतात. ‘बघितली’ आणि ‘बघितली नाही’ असे दोनच रकाने ठेवले असते तर माझ्या तक्त्यात ती ‘नाही’मध्ये गेली असती.